यंत्र नंतर घ्या, आधी ढोल जमिनीवर ऐका

प्रश्न अमळनेरहून आला आहे. विचारणारे गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवतात आणि गेली तीन वर्षं होळीच्या दिवसांत सातपुड्यात जाऊन ढोलवादकांची रेखाटनं करतात. त्यांची एक वर्गमैत्रीण बंगळुरूला मेंदूवर संशोधन करते. दोघांना मिळून काहीतरी करायचं आहे. ढोल वाजवणाऱ्याच्या मेंदूतल्या लहरी टिपायच्या आणि त्यांच्या तालावर दिवे, रंग, आवाज हलवायचे, असा बेत आहे. "ताई, कोणतं यंत्र घ्यावं? शास्त्रज्ञांशी बोलायचं कसं? आणि यात माझं काम नेमकं काय? शेवटी तिच्या शोधनिबंधाला मुखपृष्ठ काढून देणारा एवढीच माझी ओळख उरेल, अशी भीती वाटते."

भाऊ, भीती खरी आहे, कारण बहुतेक वेळा तसंच होतं. मी जळगावची. जी.डी. आर्ट झाल्यावर डॉक्टरांसाठी शस्त्रक्रियेची चित्रं काढायला लागले, पुढे मेंदूवाल्यांकडेच जास्त काम येत गेलं, आणि आता बावीस वर्षं झाली. यात दोन प्रकारचे संसार मी मोडताना पाहिले. एकात शास्त्रज्ञाचं काम संपलेलं असतं आणि तो म्हणतो, "एवढं जरा सुंदर करून द्या." दुसऱ्यात कलाकार यंत्राकडे भगताकडे जावं तसा जातो, कौल मागायला. पहिल्यात कलाकार रंगारी होतो, दुसऱ्यात शास्त्रज्ञ भाड्याने आणलेला मांडववाला. मी स्वतः दोन्ही केलं आहे, म्हणून बोलते. माझी कसोटी साधी आहे. तुमच्या एखाद्या बोलण्यामुळे तिचा प्रयोग बदलला का? आणि तिच्या एखाद्या 'नाही'मुळे तुमची कलाकृती बदलली का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ते एकत्र काम. नाहीतर नुसती ओळख.

चित्र काढणाऱ्याचं या शास्त्रात काय काम, असं कोणी विचारलं तर मी सान्तियागो रामोन इ काहाल यांचं नाव सांगते. स्पेनचे. लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, शरीरशास्त्र शिकवणाऱ्या वडिलांनी वैद्यकीकडे वळवलं. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवायची पद्धत काढली होती. तिची गंमत अशी की हजारो पेशींतल्या मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या अगदी टोकापर्यंत. काहाल ती काचपट्टी तासन्‌तास बघायचे आणि पुष्कळदा नंतर आठवणीतून काढायचे. एकाच चित्रात अनेक काचपट्ट्यांवरच्या पेशी एकत्र यायच्या. म्हणजे ती नक्कल नव्हती. ती निवड होती. त्यांनी चित्रात बारीक बाण काढले, संदेश इकडून येतो आणि तिकडे जातो असे. सूक्ष्मदर्शकात बाण दिसत नाहीत! तो बाण म्हणजे त्यांचा दावा होता. १९०६ साली गोल्जी आणि काहाल दोघांना मिळून नोबेल मिळालं, आणि तरी गोल्जी म्हणत राहिले की मेंदू म्हणजे एकसंध जाळं, काहाल म्हणत राहिले की पेशी सुट्या सुट्या. रंगवायची पद्धत एकच आणि बघणारे दोन. काहाल बरोबर निघाले. मेंदूचं चित्र काढायला बसलं की मला अजून तो बाण आठवतो आणि पेन्सिल जरा थांबते.

आता तुमच्या यंत्राकडे येते. इथे माझी फजिती सविस्तर सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महाविद्यालयाच्या सभागृहात आम्ही कार्यक्रम केला. एरंडोलकडच्या एक आजी, सत्तरीच्या, आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या. त्यांच्या कपाळावर ईईजीचा, म्हणजे मेंदूची वीज डोक्यावरून टिपणारा पट्टा, चार इलेक्ट्रोडचा, बाजारात सहज मिळणारा. पट्ट्यातून आलेला सिग्नल संगणकात, आणि संगणकावरून मागच्या भिंतीवरचे चाळीस दिवे. आजी गायला लागल्या की दिवे हळूहळू उजळायचे, आवाज वर गेला की लख्ख व्हायचे. पत्रकात मी लिहिलं होतं, "आजींच्या मनातला आनंद, प्रकाशात." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टा बांधताना आजींनी मला विचारलं होतं, "मना डोकामा काय चालू शे, ते तुले दिखस का?" आणि मी म्हणाले होते, "हो आजी, दिसतं ना."

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा पुढे आला. शहरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाकडे ईईजी काढायचं काम करणारा तंत्रज्ञ, वय तेवीस-चोवीस. अदबीने म्हणाला, "मॅडम, आजींना गाऊ देऊ नका. नुसते दात आवळायला सांगा." आजींनी दात आवळले. चाळीसच्या चाळीस दिवे पेटले. "हा मेंदू नाही मॅडम," तो म्हणाला, "कानशिलावरचा स्नायू आहे. जबड्याचा."

मग त्याने मला बसवून शिकवलं. कवटीच्या बाहेर मेंदूची वीज पोचते ती फार तर दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. पन्नास मायक्रोव्होल्ट धरले तर टॉर्चच्या एका सेलचा तीस हजारावा भाग. जबडा, कपाळ, मान यांच्या स्नायूंची वीज तिच्या कितीतरी पट. डोळ्याची पापणी मिटली तरी पट्ट्यावर डोंगर उभा राहतो. त्यात भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण असतेच, आणि इलेक्ट्रोड नीट टेकला नसेल तर ती वायर अँटेनासारखी हीच गुणगुण पकडते. आजींच्या केसांना चोपून खोबरेल होतं. दवाखान्यात ईईजीला येताना "केस धुऊन या, तेल लावू नका" असं का सांगतात, ते मला त्या दिवशी कळलं. दवाखान्यात साधारण २१ इलेक्ट्रोड ठरलेल्या जागी मोजून लावतात, पेस्ट लावून, कातडी घासून. आणि एवढं करून तो मुलगा म्हणतो, "निम्मा वेळ आम्ही मेंदू नसलेलं ओळखायलाच शिकतो."

दुसऱ्या आठवड्यात मी आजींकडे गेले आणि खरं सांगितलं. त्या हसत सुटल्या. "मंग काय, दातस्नी गाणं म्हनं का? दात तं मना चारच शेतस!" माझ्या सगळ्या कामावरची सर्वांत चांगली समीक्षा हीच.

हे सांगते म्हणजे ईईजीवर कला होतच नाही असं नाही. १९६५ साली अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात संगीतकार ॲल्विन लुसिए यांनी ती करून दाखवली. भौतिकशास्त्रज्ञ एडमंड डेवन यांनी त्यांना यंत्र दिलं आणि आल्फा लहरींबद्दल सांगितलं. या लहरी सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हेलकावतात, आणि माणूस डोळे मिटून निवांत बसला की वाढतात. मानवी ईईजी पहिल्यांदा टिपणाऱ्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हापासून हे माहीत आहे. लुसिए रंगमंचावर खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि काहीही केलं नाही. आल्फा लहरी मोठ्या करून स्पीकरला दिल्या, स्पीकरच्या थरथरीने ढोल, झांजा, घंटा वाजू लागल्या. डोळे उघडले की थांबायचं. बघा, यात 'आनंद' नाही, 'भावना' नाही. सिग्नल जेवढं बोलतो तेवढंच कलाकृती बोलते. वाजवायला बसलेल्या माणसाने काही न करता बसणं हीच त्या कामाची ताकद झाली, आणि ती आल्फा लहरींच्या स्वभावातूनच आली. डेवन नसते तर लुसिएंना ते सुचलं नसतं. लुसिए नसते तर डेवन यांनी झांजा आणल्या नसत्या.

तुमच्या बेतात पहिली अडचण इथेच आहे. ढोल वाजवणारा माणूस नाचतो. कमरेला घुंगरू, खांद्यावर ढोल, हातात टिपरू म्हणजे वाजवायची काठी. त्याच्या डोक्यावरून येणारा सिग्नल म्हणजे मानेचा, जबड्याचा आणि हलणाऱ्या वायरींचा गोंधळ. संशोधकांकडे तो साफ करायच्या पद्धती आहेत, पण त्या वेळखाऊ आहेत आणि जागच्या जागी दिवे पेटवायला फारशा उपयोगाच्या नाहीत. मग म्हणाल, एमआरआय? त्यात माणसाला आडवं झोपवून डोकं हलू द्यायचं नसतं, लोखंड आत न्यायचं नसतं, आणि यंत्राचाच आवाज एवढा की कानात बोळे घालावे लागतात. शिवाय मेंदूचं काम दाखवणारा एमआरआय, म्हणजे एफएमआरआय, मेंदूची वीज मोजतच नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फेर मोजतो, आणि तो फेर शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. सेकंदाला दोन ठोके धरले तर तेवढ्यात ढोल दहा-बारा ठोके पुढे गेलेला असतो. होळीच्या रात्री पाच सेकंद म्हणजे केवढा काळ, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एफएमआरआयच्या चित्रांतल्या रंगीत ठिपक्यांची भुरळ पडू देऊ नका. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि आकडेमोडीत योग्य खबरदारी न घेतल्यास त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'सक्रिय' ठिपके दिसतात हे दाखवलं. पुढे २०१२ मध्ये त्यांना गमतीशीर संशोधनासाठी दिलं जाणारं इग नोबेल मिळालं. "अमुक भाग उजळला म्हणजे आनंद झाला" ही उलटी उडी तर त्याहून वाईट, कारण एकच भाग पन्नास कामांत उजळतो. ताप आहे म्हणजे मलेरियाच, असं म्हणण्यासारखं ते.

मग करायचं काय? आता मुद्द्याचं सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका संशोधक बाईंसोबत सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात गेले होते. त्या ताल आणि हालचालीवर काम करायच्या. त्यांचा प्रयोग कागदावर छान आखलेला होता. ढोलाचं ध्वनिमुद्रण हेडफोनवर ऐकवायचं, लोकांनी बोटाने टेबलावर ठेका धरायचा, संगणकाने फरक मोजायचा. मला त्यांनी चित्रं काढायला नेलं होतं. खरं सांगायचं तर मुखपृष्ठालाच. पहिलेच आले ते एक वयस्क ढोलवादक. त्यांनी हेडफोन लावला, थोडं ऐकलं, काढून ठेवला आणि म्हणाले, "यात ढोल नाही. नुसती काठी आहे."

बाईंना वाटलं आवाज कमी आहे. त्यांनी वाढवला. बाबा म्हणाले, "काठी मोठी झाली."

मी दोन दिवस त्या ढोलांची रेखाटनं करत होते, जमिनीवर बसून. त्यामुळे मला पटकन कळलं. बसल्या जागी तो ढोल आधी मांडीला लागतो, मग पोटात, आणि कानाला शेवटी. हेडफोन कातड्यावर पडणाऱ्या टिपरूचा टणत्कार देतो, पण जमिनीतून येणारा घुमारा देत नाही. मी बाईंना म्हणाले, तुम्ही कानाची परीक्षा घेताय, यांचा ताल पायात आहे. बाई अर्धा दिवस गप्प होत्या, मला वाटलं रागावल्या. संध्याकाळी त्यांनी प्रयोगाचा कागद फाडला आणि गावातून एक जुनी फळी मागितली.

फळीखाली आम्ही एक कंपन देणारा स्पीकर बसवला. माणूस फळीवर अनवाणी उभा राहायचा. कधी हेडफोन आणि कंपन, कधी नुसतं हेडफोन, कधी नुसतं कंपन. नऊ माणसं झाली. नऊ माणसांवर निबंध होत नाही, आणि बाईंनी तो लिहिलाही नाही. पुढच्या अनुदानाच्या अर्जात त्यांनी फळी घातली. मी त्या फळीची कलाकृती केली. अंधारी खोली, आवाज शून्य, आणि चपला काढून उभं राहायला एक फळी. खाली ढोल, कानाला काहीच नाही. बघायलाही काही नाही. चित्रकाराने बघायला काही न ठेवलेलं ते माझं एकमेव काम, आणि ते बाईंच्या एका 'नाही'मुळे झालं. मला त्या फळीवर दिवे लावायचे होते. त्या म्हणाल्या, डोळ्यांना काही दिलंत की लोक पायाकडे लक्षच देणार नाहीत.

बाबांचं म्हणणं नुसतं हळवेपण नव्हतं, हे मला नंतर एका मोठ्या कामावरून पटलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लाइव्हलॅब नावाचं सभागृह आहे. ते नाट्यगृहही आहे आणि प्रयोगशाळाही. तिथे ऑर्फेक्स या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीचा खराखुरा कार्यक्रम झाला. संशोधकांनी कानाला जवळजवळ जाणवत नाहीत असे अतिखर्ज आवाज देणारे स्पीकर दर काही मिनिटांनी चालू-बंद केले आणि प्रेक्षकांच्या कपाळावर हालचाल मोजणारे पट्टे लावले. स्पीकर चालू असताना लोक जवळजवळ १२ टक्के जास्त हलले. आवाज कधी चालू आहे हे वेगळ्या चाचणीत ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही. डेव्हिड कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी हे २०२२ मध्ये छापलं. पुन्हा लक्षात घ्या. मेंदूवरचं संशोधन, पण मेंदूला वायर नाही. कपाळावर हालचालीचा मोजपट्टा, एवढंच. आणि कलाकार तिथे शोभेला नव्हते. त्यांच्या खऱ्या कार्यक्रमाशिवाय लोक नाचलेच नसते, प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून कोण नाचतं?

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी मेंदू मोजूच नका. हात मोजा, पाय मोजा. आजच्या कोणत्याही मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो, तो पायाला बांधला की पुरे. ठेका धरणारी माणसं ठोक्याच्या थोडी आधीच बोट आपटतात, सेकंदाचे काही शतांश आधी, आणि त्यांना वाटतं आपण बरोबर ठोक्यावर आहोत. मेंदू ठोक्याची वाट बघत नाही, तो अंदाज बांधून आधीच निघतो. ही गोष्ट शास्त्राला अनेक दशकं ठाऊक आहे. तुमच्या ढोलवादकांत पुढचा कोण, मागचा कोण, शंभर माणसांच्या गोलात हा 'आधी'पणा कसा पसरतो, काठी गावच्या राजवाडी होळीत पहाटे थकलेला पाय ठोक्याच्या किती मागे पडतो, हे प्रश्न तुमच्या रेखाटनांतच पडलेले असतील. तीन वर्षांच्या वह्या आहेत ना? त्या मैत्रिणीला पाठवा. यंत्राची यादी नको. वह्यांतल्या ज्या पानावर तुम्ही एकच पाय चार वेळा खोडून काढलाय, ते पान पाठवा. तिथे काहीतरी आहे जे तुमच्या हाताला कळलं आणि शब्दांत आलं नाही. शास्त्रज्ञाला कामाला लावणारा प्रश्न तिथे असतो.

शास्त्रज्ञांशी बोलायचं कसं, याला माझ्याकडे एक खान्देशी उपाय आहे. बैठक घेऊ नका, त्यांना घेऊन फिरा. मैत्रीण आली की तिला चाळीसगावला न्या, स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस राहायचे त्या घरी. वर्षानुवर्षं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून दऱ्याडोंगरांची छायाचित्रं काढत राहिले. टेबलटॉप छायाचित्रण. ती बघताना तिला विचारा, माझा मेंदू या टेबलाला डोंगर का मानतो? ती बोलायला लागेल. प्रकाश वरूनच येतो असं मेंदू गृहीत धरतो, सावलीवरून उठाव ठरवतो, आजूबाजूच्या वस्तूंवरून माप ठरवतो. मूस यांना ही सूत्रं कोणी शिकवली नव्हती. टेबलावरचा दिवा सरकवत सरकवत ते तिथे पोचले होते. दिवा कुठे ठेवल्यावर डोंगर मोडतो आणि पुन्हा टेबल दिसतं, हा प्रश्न कलाकाराचा आहे आणि प्रयोग शास्त्रज्ञाचा.

अजिंठा तर जळगावपासून साठेक किलोमीटर. मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला तिथे नेते आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीकडे पाठ करून उभं करते. भर उन्हातून आत आलेल्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, कारण मंद उजेडात काम करणाऱ्या शलाकापेशी सावकाश जाग्या होतात. गाइड पाच मिनिटांत पुढच्या लेण्यात नेतो. म्हणजे अजिंठा पाहून आलेल्या बहुतेकांनी अजिंठा पाहिलेलाच नाही! उजेड कमी झाला की तांबडा आधी काळवंडतो आणि निळा त्या मानाने उजळ राहतो, याला चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांचं नाव आहे, ज्यांच्या नावाच्या लहान मेंदूतल्या पेशी काहाल यांनी इतक्या देखण्या काढल्या. पद्मपाणीच्या नाकावरची, हनुवटीवरची उजळ रेघ तुम्ही चित्रकार म्हणून बघा, मैत्रिणीला नजर म्हणून बघू द्या. घरी परतताना गाडीत जी भांडणं होतात, त्यांतून काम निघतं. (बहिणाबाईंच्या मनावरच्या ओळी मात्र पत्रकावर छापू नका. आमच्या जिल्ह्यात मेंदूचा एक कार्यक्रम त्यांच्यावाचून होत नाही, आता त्यांनाही विश्रांती द्यावी.)

बोलताना एका शब्दापाशी नेहमी अडायला होतं. आपण 'भाव' म्हणतो, ते 'भावना' ऐकतात आणि लगेच विचारतात, मोजायची कशी? चिडू नका. मोजता येईल असं त्यातलं किती आणि उरलेलं किती, हे एकदा दोघांनी कागदावर लिहा. उरलेलं तुमचं. ते तिने मोजलं पाहिजे असा हट्ट नको, आणि मोजता येत नाही म्हणून ते नाहीच, असं तिने म्हटलं तर तेही ऐकून घेऊ नका.

पैसा आणि नाव याबद्दल थोडक्यात. तुमच्या प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, तिच्या निबंधाला दोन वर्षं लागू शकतात, आणि निबंध छापून येईपर्यंत निष्कर्ष जाहीर करू नका असं ती म्हणेल. हे पहिल्याच दिवशी ठरवा. प्रयोगाची आखणी तुमच्या प्रश्नातून झाली तर निबंधात सहलेखक म्हणून नाव मागा, लाजू नका. आणि ढोलवादकांचं नाव, मानधन, ध्वनिमुद्रणाचा हक्क तुमच्या दोघांच्या आधी.

संमतीची गोष्ट मात्र थोडक्यात नाही. माणसांवरच्या अशा संशोधनासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि नैतिक समितीची परवानगी लागते. तुमच्याकडे समिती नसणार, तिच्या संस्थेतून घ्या, आणि परवानगी येण्याआधी एकही नोंद घेऊ नका. संमती त्या माणसाच्या बोलीत समजावून, वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार ठेवून. संशोधनाची संमती वेगळी, प्रदर्शनाची वेगळी. प्रयोगाला हो म्हणणाऱ्याने आपला मेंदू भिंतीवर टांगायला हो म्हटलेलं नसतं. आणि एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. एका कामात एका तरुण पोराच्या ईईजीत टोकदार लाटा दिसल्या, मिरगीत दिसतात तशा. आमच्यात डॉक्टर कोणी नव्हतं. सांगायचं कोणी, काय सांगायचं, काहीच ठरलेलं नव्हतं, आणि कोणाच्या तरी तोंडून त्याच्या घरी कळलं. रीतसर तपासणीत काही निघालं नाही, पण तोवर पंधरा दिवस ते घर झोपलं नाही. असं काही दिसलं तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि खर्च कोण करणार, हे आधी लिहून ठेवा.

दिव्यांबद्दलही तेच. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा दिवा सार्वजनिक जागी नको. मिरगी असणाऱ्या काही जणांना भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, सेकंदाला १५ ते २५च्या आसपास धोका सर्वांत जास्त. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग बघताना सुमारे सातशे जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. लाल-निळ्या लखलखीने. मेंदूच्या लहरींवर दिवे हलवणाऱ्याने हे आधी वाचावं.

आणि अंगात येणाऱ्या बाईला पट्टा बांधायचा विचार कोणाच्या डोक्यात येईलच. बालीमध्ये जपानी संशोधकांनी तसं केलं आहे, २००२ मध्ये छापलं आहे, विधी चालू असताना बिनतारी यंत्राने. त्यांनी गावासोबत, गावाच्या रीतीने केलं. कानबाईच्या रोटाच्या सणाला यंत्र घेऊन उगवणाऱ्या पाहुण्याला ते जमणार नाही. मी तरी केलेलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक दुसरी वाट सांगते, कारण तुम्ही शिक्षक आहात आणि गावातच राहता. लकवा झालेल्या काही माणसांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण आरती शब्दांसकट म्हणता येते. आमच्या एका दवाखान्यात एक बाई 'पाणी' म्हणू शकत नव्हत्या आणि गुलाबाईचं गाणं अख्खं म्हणायच्या, सूनबाईला वाटायचं सासू नाटक करते. यावर उभी असलेली सुरातून बोलायला शिकवायची पद्धत १९७३ पासून आहे. तिचा उपयोग कोणाला किती, यावर वाद आहेत. पण मूळ पद्धतीतली सुरावट इंग्रजी बोलण्याच्या चढउतारावर बेतलेली. अहिराणीचा हेल कोणी बसवणार? ते काम शास्त्रज्ञाला एकट्याने जमणारं नाही. तसंच पार्किन्सनचं. २००१ मध्ये ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने रुग्णांसाठी वर्ग सुरू केले, पुण्यात हृषीकेश पवार यांनी तसे वर्ग घेतले. ज्याचं पाऊल उंबऱ्याशी थिजतं, त्याला बाहेरून ताल मिळाला की पाऊल उचलायला मदत होते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. आजार बरा होत नाही, पाऊल उचललं जातं. ढोलवाले तुमच्या ओळखीचे आहेत आणि थिजलेली पावलं अमळनेरातही असतील. मेंदूविकारतज्ज्ञाला सोबत घेऊनच, पण विचार करा.

तर यंत्र सध्या घेऊ नका. या होळीला वही घेऊन जा, चपला काढून उभे राहा, आणि कोणता ठोका पायाला कळतो आणि कोणता कानाला, एवढंच टिपून आणा. मैत्रीण सुट्टीत येईल तेव्हा दोघं जळगावला या. ती फळी आमच्या माळ्यावर आहे, कंपनाचा स्पीकर अजून चालतो, एका कोपऱ्याचा नट तेवढा गेलाय. खाली उतरवायला दोन माणसं लागतात.